फुंकनळीमागचा माणूस

काचकामाचा इतिहास सांगताना आपल्याकडे ठरावीक नावे येतात. कारखाना काढणाऱ्याचे येते, जमीन किंवा भांडवल देणाऱ्याचे येते, परदेशी जाऊन काचेचे रसायन शिकून आलेल्या तज्ज्ञाचे येते. भट्टीसमोर उभे राहून लोखंडी नळीच्या टोकाला लालभडक काचरस घेणारा आणि त्यात फुंकर घालून त्याला आकार देणारा माणूस मात्र या नावांत नसतो. चित्रकाराला नाव असते, मूर्तिकाराला असते, अलीकडे कुंभारकाम करणाऱ्या कलावंतालाही असते. काच फुंकणाऱ्याला महाराष्ट्रात ते मिळाले नाही. हे असे का झाले, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

जगातही हे नाव उशिराच आले. आकार स्वतः योजायचा, स्वतःच्या छोट्या भट्टीत काच वितळवायची, स्वतःच फुंकायची आणि स्वतःच्या नावाने विकायची, अशा कामाला ‘स्टुडिओ ग्लास’ म्हणतात. त्याची जन्मतारीख बरीच नेमकी सांगता येते. १९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात, तिथल्या कलासंग्रहालयाच्या आवारातील एका शेडमध्ये, हार्वे लिटलटन नावाच्या कुंभारकामाच्या प्राध्यापकाने आठवडाभराचे शिबिर भरवले. त्या शेडपर्यंत आपण पुढे जाणार आहोत. पण आधी आपल्याकडची वाट चालून घेऊ. कारण माझे म्हणणे असे आहे की, त्या शेडमध्ये जे जमवायला लिटलटनला एवढा खटाटोप करावा लागला, त्यातील बहुतेक गोष्टी आपल्याकडे अगोदरच होत्या.

मी राहतो त्या बोदलकसा-तिरोडा भागापासूनच सुरुवात करतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि त्याही आधी मध्यप्रांतात. मध्यप्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी जो चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली काढला, त्यात ‘कचेरा’ या जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. कचेरा म्हणजे काचेच्या बांगड्या करणारा. बांगड्या विकणारा कासार आणि बांगड्या करणारा कचेरा यांत फरक आहे. आपल्याकडे बोलताना तो बरेचदा पुसला जातो. कासार दारोदार, बाजारात, जत्रेत जायचा. कचेरा भट्टीपाशी बसायचा. एखाद्या धंद्यावर अख्खी जात उभी राहते तेव्हा त्या धंद्याला पिढ्यान् पिढ्यांची मागणी असते, एवढे तरी त्यावरून समजते.

या कामाची मुळे फार खोल आहेत. ती उकरून दाखवण्याचे श्रेय एका मराठी संशोधकाला जाते, आणि त्याचे नाव आज पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. हसमुख सांकलियांबरोबर त्यांनी १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खनन केले. पुढे जबलपूरजवळचे त्रिपुरी, छत्तीसगडातील सिरपूर आणि अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर ही स्थळे त्यांनी खणली. म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला त्यांची कुदळ पडलेली आहे. इतर लोक नाणी आणि शिलालेख शोधत असताना दीक्षित मणी आणि बांगड्यांचे तुकडे वेचत बसायचे. मण्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. १९६९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांचा भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. भारतीय काचेवर एवढ्या विस्ताराने तोवर कोणी लिहिले नव्हते.

ब्रह्मपुरीत बहामनी काळाच्या थरांतून काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल निघाले. त्यांतील बऱ्याच बहुरंगी होत्या. एका रंगाच्या काचेच्या पट्टीवर दुसऱ्या रंगाची तार गुंडाळलेली, त्यावर तिसऱ्या रंगाचे ठिपके दिलेले. नेवाशाच्या उत्खननातही अशा बांगड्या मिळाल्या. तुटक्या बांगडीचा तुकडा म्हणजे कचरा, असे आपल्याला वाटते. पण तो नीट पाहिला तर करणाऱ्याचा हात दिसतो. सांधा असेल तर काचेची तार वळवून तिची टोके जोडली आहेत. सांधा नसेल तर काचेचा गोळा सळीवर घेऊन, त्याला भोक पाडून, फिरवत फिरवत मोठा केला आहे. दोन रंगांच्या काचा एकमेकींना धरून राहिल्या आहेत, याचा अर्थ करणाऱ्याला दोन्हींचे फुगणे-आकसणे सारखे ठेवता येत होते. नाहीतर निवताना त्या तडकून सुट्या झाल्या असत्या. हे ज्ञान कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते, बोटांत होते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हे सगळे काम लहान भट्टीवर चालायचे. मातीची, हातभर उंचीची, लाकडावर पेटणारी, चारदोन माणसांना पुरणारी भट्टी. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण टोलेडोच्या शेडमध्ये तिचीच गाठ पुन्हा पडणार आहे.

कचेऱ्याचे कंबरडे मोडले ते परदेशी मालाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोहेमियाच्या बांगड्या, व्हेनिसचे मणी, जर्मनी-बेल्जियमच्या चिमण्या आणि पेले मुंबई बंदरात उतरू लागले. स्वदेशीच्या चळवळीत काच हा जिव्हाळ्याचा विषय झाला तो त्यामुळे. विलायती कापडाची होळी करता येते. पण घरातील दिव्याची चिमणी फोडली तर रात्री अंधारात बसावे लागते. पर्याय हवा होता.

तो पर्याय उभा राहिला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून. कल्पना इतकी साधी की ऐकणाऱ्याला हसू यावे: प्रत्येक माणसाने देशी उद्योगासाठी वर्षाला एक पैसा द्यायचा. तेव्हाच्या रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे एक लाख माणसांकडे जाऊन एक लाख वेळा हात पसरला तर पदरात पडणार १,५६२ रुपये ८ आणे. हिशेबाने पाहिले तर हा वेडेपणाच. पण काळ्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, टिळकांनी त्याला ‘केसरी’चे बळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेला रवानगी झाली. कारखाना मात्र चालत राहिला.

तांत्रिक सूत्रे होती ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती. उत्तरेकडचा हा तरुण जपान आणि अमेरिकेत काचेचे शिक्षण घेऊन आला होता. पुढे तो आपल्या प्रांतात परतला आणि बहजोईला त्याने मोठा काच कारखाना काढला. पण त्याची पहिली कर्मभूमी तळेगाव. पैसा फंडाचा कारखाना नफ्यापेक्षा शिक्षणासाठी होता, आणि त्याचे खरे उत्पादन चिमण्या-बाटल्यांपेक्षा माणसे हेच होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. तिथे तयार झालेली माणसे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. आज आपण ‘कौशल्य विकास’ हा शब्द सरकारी फलकावर वाचतो. एका पैशाच्या वर्गणीतून तो उद्योग शंभर वर्षांपूर्वी मावळात चालू होता.

तळेगावात शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे? रेती, सोडा खार आणि चुनखडी यांचे मिश्रण मुशीत घालून चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. रेतीत लोह असेल तर काच हिरवट होते. ती हिरवी झाक मारायला चिमूटभर मँगनीज घालायचे, आणि ते जास्त झाले तर काच जांभळी पडते. कोबाल्टने निळी, तांब्याने मोरपंशी. ही झाली रसायनाची बाजू. ती वहीत उतरवून घेता येते. दुसरी बाजू उतरवून घेता येत नाही. चार-पाच फूट लांबीच्या पोकळ नळीचे टोक काचरसात बुडवून, ती गोल फिरवत, मध गुंडाळावा तसा रस गुंडाळायचा. नळी क्षणभर थांबली तरी रस खाली ओघळतो आणि गोळा एका अंगाला झुकतो. लोखंडी पाट्यावर तो लोळवून सारखा करायचा. मग पहिली फुंकर, तीही गाल फुगवून जोराची नव्हे, दबकी आणि जपून. आत बुडबुडा धरला की गोळा साच्यात सोडायचा, साचा मिटायचा आणि नळी फिरवत दुसरी फुंकर घालायची. साचा उघडणे-मिटणे हे काम बहुतेक ठिकाणी खाली बसलेल्या पोराचे. या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही, आणि दिवसभरात हेच शेकडो वेळा करायचे असते. समोर भट्टीचा जाळ, पाठीला वारा, पायाखाली काचेचा चुरा.

यानंतरचा टप्पा सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत निर्णायक आहे. तयार झालेली वस्तू तशीच बाहेर ठेवली तर तिची वरची कातडी आधी निवते, आतला भाग मागाहून. त्या ओढाताणीत ती तडकते. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी, फडताळात ठेवलेली असताना, कोणी हात न लावता. म्हणून तिला पाचशे अंशांच्या आसपास तापलेल्या दुसऱ्या भट्टीत ठेवून हळूहळू निववावे लागते. देशी चिमण्यांची सुरुवातीला जी बदनामी झाली ती या टप्प्यातल्या घाईमुळे.

पहिल्या महायुद्धाने ऑस्ट्रिया आणि जर्मनीचा माल थांबला. जपानी माल आला, पण देशी कारखान्यांनाही श्वास घ्यायला जागा झाली. नेमक्या याच काळात, १९१६ साली, कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. जागा औंध संस्थानच्या हद्दीतली. किर्लोस्करवाडीला ज्या पंतप्रतिनिधींनी हात दिला, त्यांनीच ओगलेवाडीलाही दिला. एवढेसे संस्थान, पण दोन उद्योगनगरी त्याच्या खात्यावर आहेत. श्रीपाद, आत्माराम, गुरुनाथ हे प्रभाकर ओगल्यांचे मुलगे. चिमण्यांपासून सुरू झालेला हा कारखाना कंदिलापर्यंत पोचला आणि कंदिलाला त्यांनी वडिलांचे नाव दिले. प्रभाकर म्हणजे सूर्यही. जाहिरात आयतीच झाली.

कंदिलाची काच ही ऐटीची वस्तू नाही, पण काचकाराची परीक्षा पाहणारी आहे. पोटात फुगलेली, दोन्ही तोंडांना निमुळती, सगळीकडे सारख्या जाडीची. आतून ज्योतीची धग, बाहेरून पावसाचा थेंब. धानाच्या बांधावर पाणी पाहायला आषाढात कंदील घेऊन निघालेल्या माणसाच्या हातात ती तडकली, तर तो त्या कंपनीचे नाव पुन्हा घेणार नाही. आमच्याकडे दंडारीला टेंभे असत, पुढे गॅसबत्त्या आल्या. घरात, गोठ्यात आणि खळ्यावर मात्र कंदीलच. बोदलकसा तलावावर रात्री जाळी टाकणाऱ्या ढीवरांच्या डोंग्यातही तोच. ओगल्यांच्या काचा टिकल्या, म्हणजे फुंकणाऱ्याने जाडी सांभाळली आणि निववणाऱ्याने घाई केली नाही. त्यांच्या या संयमाचे मोल महिन्याच्या पगारात चुकते झाले, आणि नाव राहिले कारखान्याचे. यात ओगल्यांचा दोष काढायचा नाही. जगभर रीत हीच होती. मुरानोच्या भट्ट्यांनाही ती लागू होती. व्हेनिसने १२९१ साली आपले सगळे काचकार त्या बेटावर हलवले, त्यांना मान दिला, पण काच ओळखली गेली ती भट्टीच्या मालकाच्या घराण्यावरून.

काचेला रेती आणि कोळसा लागतो, दोन्ही जड. तयार माल नाजूक. त्याला बैलगाडीचे धक्के सोसत नाहीत. त्यामुळे काच कारखाने रुळांच्या कडेने वाढले. तळेगाव मुंबई-पुणे मार्गावर, ओगलेवाडी कराडच्या स्टेशनलगत. आणि तिसरे आमचे गोंदिया, मोठे जंक्शन. गोंदिया म्हटले की लोकांना विडी आणि भात आठवतो. पण इथे ‘श्री ओनामा ग्लास वर्क्स’ नावाचा काच कारखाना होता, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. ओनामा म्हणजे धुळपाटीवर गिरवायचा पहिला पाठ, श्रीगणेशा. कारखान्याला असे नाव देणाऱ्याच्या मनात काहीतरी नवे शिकण्याची उमेद असणार. झाडीपट्टीत काचेचा श्रीगणेशा मात्र कचेऱ्यांनी केव्हाच करून ठेवला होता.

आता टोलेडो.

हार्वे लिटलटनचा जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावचा. कॉर्निंग म्हणजे अमेरिकेची ओगलेवाडी म्हणा. गाव आणि काच कारखाना एकच. वडील जेसी लिटलटन त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पदार्थवैज्ञानिक. १९१३ साली त्यांच्या पत्नीने, म्हणजे हार्वेच्या आईने, बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ भांडे म्हणून ओव्हनमध्ये ठेवून त्यात केक भाजला. काच तडकली नाही. त्या केकमधून ‘पायरेक्स’ची स्वयंपाकाची भांडी निघाली. काचेच्या इतिहासात एका गृहिणीला एवढे श्रेय मिळाल्याचे हे विरळा उदाहरण. नाव तिचेही कोणी फारसे घेत नाही. तिचे नाव बेसी.

मुलाने पदार्थविज्ञान शिकावे ही वडिलांची इच्छा. तो काही काळ शिकलाही, पण मन शिल्पात. १९४२ साली कॉर्निंगच्याच कारखान्यात त्याने स्त्रीदेहाचे एक छोटे शिल्प काचेत ओतले. मग युद्ध, लष्करातील नोकरी, परतल्यावर कुंभारकामाचे शिक्षण आणि १९५१ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापकी. १९५७-५८ मध्ये तो युरोपात गेला आणि मुरानोच्या भट्ट्या त्याने पाहिल्या. तिथे त्याला दिसले की भट्टी काही कारखान्याएवढी मोठी असावीच लागत नाही. चारदोन माणसांच्या गटालाही काच फुंकता येते. मग एकट्या माणसाला का येऊ नये?

हा प्रश्न त्या काळी अमेरिकेत वेडगळ मानला जात होता. काच म्हणजे प्रचंड भट्टी, रसायनतज्ज्ञ, अभियंता, कामगारांची फळी; कलावंताने कागदावर आकार काढून द्यावा आणि बाजूला व्हावे. लिटलटनने टोलेडोच्या संग्रहालयाकडे जागा मागितली. टोलेडो हीसुद्धा काचनगरीच. बाटल्या करणाऱ्या यंत्राचा जनक मायकेल ओवेन्स इथलाच. संग्रहालयाने शेड दिली. शिबिरार्थी जमले, बहुतेक कुंभारकामाचे शिक्षक. छोटी भट्टी पेटवली, मिश्रण वितळायला ठेवले आणि ते काही केल्या धड वितळेना. तेव्हा डॉमिनिक लाबिनो हा काचउद्योगातला जाणता माणूस धावून आला. काचतंतू करण्यासाठी त्याच्या कंपनीत काचेच्या गोट्या वापरत. त्या कमी उष्णतेवर वितळतात. त्या गोट्या मुशीत पडल्या आणि रस तयार झाला.

रस तयार झाला, पण फुंकायचा कोणी? जमलेल्या कलावंतांपैकी कोणालाच नळी धरता येत नव्हती. तेव्हा लिबी कारखान्यातला एक निवृत्त काचफुंक्या शेडमध्ये आला आणि त्याने नळी कशी फिरवायची, फुंकर कशी घालायची हे करून दाखवले. त्याचे नाव हार्वे लीफग्रीन. स्टुडिओ ग्लासच्या सगळ्या इतिहासांत हे नाव एका ओळीत येते आणि जाते. मला मात्र ते शिबिराच्या यादीतले सर्वांत महत्त्वाचे नाव वाटते. कलावंतांकडे कल्पना होती, भट्टी होती, गोट्या होत्या. हात त्याच्याकडे होता. तो त्या दिवशी घरीच बसला असता तर?

जूनमध्ये दुसरे शिबिर झाले. लिटलटनने विस्कॉन्सिनला विद्यापीठात काचेचा वर्ग सुरू केला, त्याच्या विद्यार्थ्यांनी दुसरीकडे केले, आणि दहा वर्षांत अमेरिकेच्या कित्येक विद्यापीठांत भट्ट्या पेटल्या. त्याच्या स्वतःच्या कामात वळण आले तेही गमतीदार. स्वतः फुंकलेले एक भांडे त्याला आवडेना. ते त्याने फोडले, तुकडे पुन्हा तापवले, आणि त्या वेड्यावाकड्या आकारात त्याला काच पहिल्यांदा भांड्यापासून सुटलेली दिसली. त्यानंतर त्याने काचेला पाणी-फुले ठेवण्याच्या कामातून मुक्त केले. १९७६ साली शिकवणे सोडून तो नॉर्थ कॅरोलिनातील स्प्रूस पाइन या डोंगरी गावी गेला आणि तिथे रंगांचे थर एकात एक बसवलेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या, उभारलेल्या काचा करत राहिला. त्या कमानी त्याने साच्यात घातल्या नाहीत. काचरस स्वतःच्या वजनाने जसा झुकेल तसा झुकू दिला आणि योग्य क्षणी थांबवला. २०१३ साली तो गेला.

याच १९६२ साली मुंबईत काय झाले पाहा. लिटलटनच्या वडिलांचे आयुष्य जिथे गेले त्या कॉर्निंग कंपनीच्या सहकार्याने आपल्याकडे बोरोसिलची स्थापना झाली. उष्णता सोसणारी काच भारतात आली, प्रयोगशाळांत आणि स्वयंपाकघरांत रुजली. म्हणजे एकाच वर्षी बापाची काच मुंबईला पोचली आणि मुलाची टोलेडोला जन्मली. आपण बापाची घेतली. देश उभारण्याच्या त्या काळात ते स्वाभाविक होते आणि चूक तर मुळीच नव्हते. पण त्यामुळे काच कोणत्या खात्यात जमा झाली ते पाहायला हवे. १९५० साली कलकत्त्याला केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था निघाली; ती विज्ञानाची संस्था. जे. जे. स्कूलसारख्या आपल्या कलाशाळेत चित्र, शिल्प, कुंभारकाम शिकता येत होते. काच फुंकण्याची भट्टी कलेच्या अंगणात आली नाही.

कुंभारकामाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्याकडे राहून आल्या, आणि मातीच्या भांड्यांवरील झिलईचा अभ्यास करून त्यांनी भारतीय कुंभारांसाठी जे पुस्तक लिहिले ते आजही भट्टीजवळ ठेवलेले असते. झिलई म्हणजे दुसरे काय? भांड्यावर वितळलेली काचच ती. रेती तीच, क्षार तेच, रंग देणारे कोबाल्ट आणि तांबे तेच. तीच काच मातीच्या अंगावर पातळ थराने बसली तर तिला कलावंताचे नाव मिळाले. नळीच्या टोकावर फुगली तर कारखान्याचे. फरक पदार्थात नव्हता. कुंभाराच्या चाकाशी शिकलेसवरलेले लोक जाऊन बसले, भट्टीच्या तोंडाशी कोणी जाऊन उभे राहिले नाही.

आणि कचेऱ्याची भट्टी? लिटलटनला जी छोटी भट्टी नव्याने शोधावी लागली, ती आमच्या गावोगावी शतकानुशतके जळत होती. आमच्याकडे लीफग्रीनही होते. तळेगावात, ओगलेवाडीत, गोंदियात रांगेने होते. नव्हती ती फक्त शेड, म्हणजे कामगाराने शिकवावे आणि कलावंताने शिकावे अशी जागा. आपल्या समाजात हात आणि नाव यांच्यामध्ये जातीची भिंत आहे. ती ओलांडून फुंकनळी तोंडाला लावणे, एकाच नळीला दोघांनी आळीपाळीने तोंड लावणे, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किती घरांतून खपले असते? उष्ट्या नळीचा हा मुद्दा मला कोणत्याही ग्रंथात दिसलेला नाही. तरी मला तो भांडवलापेक्षा मोठा वाटतो.

टोलेडोची गोष्ट मात्र पुढे सरळ गेली नाही. लिटलटनचा शिष्य डेल चिहुली हा आज जगातला सर्वांत प्रसिद्ध काचकलावंत. १९६८ मध्ये तो मुरानोला जाऊन राहिला, १९७१ मध्ये त्याने पिलचक येथे काचेची शाळा काढली. १९७६ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्याचा डावा डोळा गेला आणि १९७९ मध्ये खांद्याला इजा झाली. त्यानंतर त्याने नळी खाली ठेवली. तो चित्रे काढतो, सूचना देतो, फुंकतात दुसरे. दहा-पंधरा जणांचा ताफा भट्टीसमोर नाचल्यासारखा काम करतो आणि खाली सही पडते एकाची. म्हणजे एका माणसाच्या भट्टीचे स्वप्न पाहत निघालेली चळवळ एका पिढीत पुन्हा ताफ्यापाशी येऊन पोचली. लिनो तालियापिएत्रा याच्या बाबतीत उलटे घडले. १९३४ साली मुरानोत जन्मलेला हा कामगार लहानपणीच भट्टीवर उमेदवारीला लागला, विशीच्या आरंभी उस्ताद झाला, आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या नावाने काच फुंकत राहिला. १९७९ मध्ये तो पिलचकला शिकवायला गेला. मुरानोत काहींना ते घराण्याचे गुपित विकल्यासारखे वाटले. तिथून पुढे मात्र त्याची काच त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती त्याची कारकीर्द. आमच्या तळेगाव-ओगलेवाडीच्या एखाद्या फुंक्याला ती मिळू शकली असती.

महाराष्ट्रात आज काचेशी नाव जोडलेली माणसे आहेत, पण बहुतेक दुसऱ्या अंगाने. मुंबईत स्वाती चांदगडकर यांनी रंगीत काचचित्रांच्या जतनाचे काम केले. राजाबाई मनोऱ्याच्या इमारतीतील काचा ज्यांनी दुरुस्तीनंतर पाहिल्या असतील त्यांना त्या कामाची प्रत कळेल. ते काम सपाट काचेचे, शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. फुंकण्याची कला जिवंत आहे ती अनपेक्षित ठिकाणी: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांच्या काचकाम विभागात. तिथे शास्त्रज्ञ कागदावर काहीतरी विचित्र नळ्यांचे जाळे काढून आणतो आणि काचकार ज्योतीवर ते घडवून देतो. प्रत्येक वस्तू एकुलती एक, हाताने केलेली, साच्याविना. व्याख्येने पाहिले तर हे स्टुडिओ ग्लासच. पण शोधनिबंधाच्या लेखकांत त्या काचकाराचे नाव क्वचितच बसते. फार तर शेवटी आभार.

विजेने कंदील संपवला. यंत्राने आणि प्लास्टिकने उरलेसुरले हातकाम संपवले. हजेरीपट, पगारपुस्तके, भट्टीच्या वह्या, उमेदवारीचे करार, अपघाताच्या भरपाईचे कागद यांत मात्र फुंकणाऱ्यांची नावे असतातच, कारण पगार नावानिशी द्यावा लागतो. गोंदियात, कराडात किंवा तळेगावात ज्यांच्या घरी असे कागद माळ्यावर पडले असतील, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नयेत. पाने वाळवी लागलेली असली तरी चालतील. गोंदियाचे कागद असतील तर मी स्वतः येऊन उतरवून घेईन. बाकीच्यांनी संपादकांकडे कळवावे.